काय खात होता तो?

गेल्या सप्टेंबरातली, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली गोष्ट. संध्याकाळी मागच्या अंगणात टोमॅटोला पाणी घालत होतो, तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून एक कागदी पिशवी पुढे केली. रेल्वेत आयुष्य काढलेले, पंच्याहत्तरीला टेकलेले गृहस्थ; माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते म्हणून मीही इथे तेच म्हणतो. पिशवीत दोन पक्षी होते, पिसांसकट. शार्पटेल ग्राउज, तितराच्या कुळातले, इथल्या गवतात राहणारे. "सँडहिल्समधले, आज सकाळचे. रात्रीच साफ कर," एवढंच सांगून ते आत गेले. सँडहिल्स म्हणजे इथल्या गवतानं झाकलेल्या वाळूच्या टेकड्या. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून सिंकपाशी उभा राहिलो. किलोला थोडा कमी भरेल असा एकेक पक्षी. पाठीवर वाळक्या गवताचे सगळे रंग, छातीवर बाणाच्या टोकासारख्या तपकिरी खुणा, पोट पांढरं, आणि पाय थेट बोटांपर्यंत बारीक पिसांनी झाकलेले, लोकरीचे मोजे घातल्यासारखे. कातडी सोलताना गळ्याशी एक फुगीर पिशवी हाताला लागली. लिंबाएवढी, आत काहीतरी खडबडीत. व्हिडिओतला माणूस म्हणाला ही काढून टाका, मी काढून टाकली. पिसं, आतडी, ती पिशवी, सगळं एका थैलीत बांधून बाहेर कचऱ्याच्या डब्यात. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, आईनं पाठवलेला काळा मसाला, सोबत भाकरी. मांस कोंबडीसारखं पांढरं नव्हतं, गडद लाल होतं, काळजाच्या चवीकडे झुकणारं. रस्सा छान झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांना डबा नेऊन दिला आणि आभार मानले. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, मान डोलावली, आणि विचारलं, "काय खात होता तो?" मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, म्हणजे? "गळ्याच्या पिशवीत काय निघालं?" मी सांगितलं की पाहिलं नाही, फेकून दिली. "बरं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, शिकवण्याचा सूरही नव्हता. एखाद्यानं पाहुणा आला होता म्हणून सांगावं, आपण त्याचं गाव विचारावं आणि समोरच्यानं ते विचारलंच नाही म्हणावं, तसं ते "बरं" होतं.

एवढंच झालं.

पण ते माझ्या मनातून गेलं नाही. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. त्या दिवशी सोमवार होता. रात्री दोनदा वाटलं की उठावं, डबा उघडावा, थैली सोडून पाहावं. उठलो नाही. सकाळी गाडी आली आणि तिनं डबा उचलून रिता केला, तो आवाज मी अंथरुणातच ऐकला. त्यानंतर वर्षभर कधी गाडी चालवताना, कधी ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो प्रश्न पुन्हा वर यायचा. काय खात होता तो? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: मी ज्या राज्यात चौदा वर्षं राहतो आहे तिथल्या गवतात खाण्याजोगं काय उगवतं, हे मला माहीत आहे का?

माहीत नव्हतं. राजधानी लिंकनहून पश्चिमेला निघालं की आंतरराज्य महामार्ग प्लॅट नदीच्या काठाकाठानं मका आणि सोयाबीनमधून धावतो, आणि आम्ही भारतीय मंडळी कोलोरॅडोचे डोंगर पाहायला जाताना तो आठ तासांचा प्रवास एक तर रात्री करतो किंवा मुलांच्या हातात टॅब देऊन. "मधे काही नाहीये." हे वाक्य मी स्वतः कितीतरी पाहुण्यांना ऐकवलं आहे. आणि तेच वाक्य मी लहानपणी माझ्या गावाबद्दल ऐकत आलो होतो. सोलापूरच्या उत्तरेला, नान्नजच्या अलीकडे-पलीकडे जी गावं आहेत त्यांतलं आमचं एक. पुण्याचा मामा यायचा आणि एसटीतून उतरल्या उतरल्या म्हणायचा, काय रे हा तुमचा ओसाड माळ. आपल्या भाषेतही माळ हा शब्द एकटा फिरत नाही, बरोबर ओसाड नाहीतर उजाड घेऊन येतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद पडीक. ज्यावर नांगर फिरत नाही ते पडलेलं, असा हिशेब.

आईला तो पडीक कधीच वाटला नाही. तिचं माहेर त्याच पट्ट्यातलं. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं ती लांबून ओळखते, नुसत्या झुलण्यावरून. नऊ-दहा वर्षांची असताना ती वडिलांना शेतावर भाकरी घेऊन निघाली होती आणि पायवाटेच्या कडेनं एक माळढोकाची मादी उठली. उडाली नाही, चालत चालत लांब गेली. जिथून उठली तिथे उघड्या जमिनीवर एकच अंडं. ना घरटं, ना काडी. आईनं हात लावला नाही, वडिलांना जाऊन सांगितलं, आणि तिचे वडील महिनाभर ती पायवाट सोडून बांधाला वळसा घालून शेतावर गेले. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेन. आता दुसऱ्या बाजूची. माझ्या वडिलांचे वडील, आमचे आबा, यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. त्यांनी माळढोक मारला होता, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याच्या कितीतरी आधी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. आबा त्याला खांद्यावर घेऊन आले तेव्हा पंखांची टोकं मागं धुळीत रेघ ओढत होती, असं चुलते सांगायचे. चार घरांत वाटा गेला. मी या दोन्ही माणसांचा नातू आहे, आणि दोघांपैकी कुणाचीही मला लाज वाटत नाही.

माळ खऱ्या अर्थानं वाचता येणारी माणसं मात्र गावात राहत नव्हती. आठवडी बाजाराला एक फासेपारधी यायचे, खांद्यावर झोळी आणि हातात काठी. कुठल्या बांधावर तितर रात्री बसतो, पाऊस लांबला तर तो कुठे सरकतो, लाव्ह्याची जोडी कुठल्या गवतात अंडी घालते, हे त्यांना पाठ होतं. मी त्यांच्या मागे मागे फिरायचो म्हणून घरी मार खाल्ला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं त्यांच्यासारख्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. आमच्या गावानं तो नंतरही पुसला नाही. एवढं ज्ञान वेशीबाहेर ठेवून आम्ही शाळेत निबंध लिहायचो, झाडांचे महत्त्व.

तर यंदा मार्चमध्ये मी ठरवलं की सप्टेंबरात ग्राउजच्या शिकारीला जायचं. पहिल्यांदा, आणि एकट्यानं. इथे पैसे देऊन गाइड मिळतो. त्याची जमीन, त्याची कुत्री, त्याला पक्षी कुठे आहेत ते ठाऊक. आपण फक्त बंदूक उचलायची. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मग पुन्हा तेच होणार होतं, कुणीतरी भरलेली पिशवी माझ्या हातात देणार होतं. आजोबांनी यंदा गुडघा बदलून घेतला, त्यामुळे त्यांचं जाणं नाहीच. त्यांनी आपली ट्वेंटी-गेज शॉटगन मला वापरायला दिली, एका ओळखीच्या रँचवाल्याला फोन करतो म्हणाले, आणि मी नको म्हटल्यावर त्यांना ते आवडलं असावं. तरी त्यांनी स्वतःची जागा सांगितली नाही. मीही विचारली नाही.

त्याआधी एप्रिलमध्ये आम्ही तिघं सँडहिल्समधल्या हॅल्सीला जाऊन आलो. तिथल्या सरकारी जंगलाच्या हद्दीत, ग्राउज नाचतात त्या माळाच्या कडेला लपून बसायला आडोसे ठेवले आहेत. पहाटे काळोखात जाऊन बसायचं आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. मुलगी नऊ वर्षांची, तिला मी दोन ब्लँकेटांत गुंडाळलं होतं. आधी आवाज आला. प्रेरी चिकन हाही ग्राउजच, त्याचा नर मानेजवळच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर येतो तसा खोल, लांब नाद, आणि तो कुठून येतोय ते कळत नाही, जमिनीतूनच आल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी वेगळ्या टेकाडावर शार्पटेल पाहिले. पंख पसरून, शेपूट उभी करून, पाय इतके भरभर आपटायचे की शिवणयंत्र चालू असल्यासारखा आवाज. आणि एकाएकी सगळे थबकायचे, एकाच क्षणी, कुणी हात केल्यासारखे. मग पुन्हा सुरू. माळढोकाचा नरही असाच गळ्याची पिशवी फुगवून माळावर घुमतो, मैदान ठरलेलं, माद्या बघायला येणार. मी तो कधीच पाहिला नाही. ते पाहण्याचं माझं वय झालं तोवर आमच्या बाजूला पाहायला फारसं उरलं नव्हतं. तेव्हा नेब्रास्काच्या थंडीत, प्लायवुडच्या आडोशामागे, मी आईच्या लहानपणीचं काहीतरी पाहत होतो, साडेतेरा हजार किलोमीटरवर.

यांच्यावरच मी बंदूक धरणार आहे, हा विचार तिथे बसल्या बसल्या आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो घालवण्याची खटपट मी करत नाही.

मे-जून कोर्समध्ये गेला. शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम मी मन लावून केला. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं धरून चालायचं, तोंड कुठे आहे त्याचं भान क्षणभरही सोडायचं नाही, चापावर बोट शेवटच्या घडीलाच, आणि नेमाच्या पलीकडे काय आहे ते आधी बघायचं. मग दर शनिवारी मातीच्या तबकड्यांवर सराव. पहिल्या दिवशी पंचवीसपैकी चार फुटल्या, जुलैअखेर सतरा-अठरा. आजोबा खुर्ची टाकून मागे बसायचे. त्यांची एकच सूचना: "तबकडी उडताना ठरल्या वेगानं उडते. पक्षी तुझ्या छातीत धडकी भरवून उडतो. दोन्हीत फरक आहे." सप्टेंबरात यंदाची पिल्लं अजून एकत्र असतात, ती सगळी एकदम उठत नाहीत, एक उडतो, मग दोन, आणि आपण बंदूक खाली घेतली की शेवटचा. म्हणून पहिल्यावर दोन्ही-तिन्ही काडतुसं उडवून रिकामं व्हायचं नाही. छर्रे मी शिशाचे घेतले नाहीत, पोलादी घेतले. हॅल्सीच्या बाजूला शिसं चालतं, पण ते मांस माझी मुलगी खाणार आहे. पोलाद हलकं, म्हणून दाणा एक-दोन नंबर मोठा लागतो आणि लांबून मारायचं नाही. तीस पावलांपलीकडचा पक्षी माझा नाही, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. कायद्यानं दिवसाला तीन चालतात, शार्पटेल आणि प्रेरी चिकन मिळून. मी दोन ठरवले आहेत.

नकाशानं मात्र मला वेड लावलं. परवाना आणि त्यावरचा हॅबिटॅट स्टँप फोनवर दहा मिनिटांत मिळाला. नकाशापुढे मी महिने काढले. सँडहिल्स म्हणजे सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, वर गवताची चादर, आणि त्यातली बहुतेक जमीन खासगी रँचची. सार्वजनिक जमीन त्यात बेटांसारखी: हॅल्सीचं जंगल, उत्तरेला मॅकेल्वी, व्हॅलेंटाइनचं वन्यजीव रेफ्युज. शिवाय सरकारनं रँचवाल्यांकडून पायी शिकारीसाठी खुले करून घेतलेले तुकडे, ते राज्याच्या वन्यजीव खात्याच्या छापील अॅटलसमध्ये रंगवून दिलेले असतात. रोज रात्री मुलगी झोपली की मी अॅटलस आणि फोनवरचं ऑनएक्स हे नकाशाचं अॅप शेजारी ठेवून बसायचो. कुठे रस्ता, कुठे कुंपण, कुठे गुरांसाठी पवनचक्कीवर भरणारं टाकं. उन्हाच्या वेळी पक्षी टेकडीच्या वाऱ्याआडच्या अंगाला, माथ्याच्या जरा खाली, झुडपांच्या सावलीत बसतात, असं वाचलं होतं. म्हणजे वारा कुठून येणार ते आधी, टेकडी नंतर. समोच्च रेषा बघता बघता मला पारधीबाबांची आठवण यायची. ते काठीनं धुळीत असंच काढून दाखवायचे, हा ओढा, हा बांध, ही बाभळ, इथे बस.

हॅल्सीच्या जंगलाची कहाणी मला या रात्रींतच कळली. चार्ल्स बेसी नावाचे नेब्रास्का विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. या वाळूत झाडं वाढतील असा त्यांचा विश्वास, आणि १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी डिस्मल नदीकाठची गवताळ जमीन जंगलासाठी राखून ठेवली. जिथे जंगल नव्हतं तिथे माणसांनी हातांनी पाइन लावून जंगल उभं केलं. सुमारे छत्तीस हजार हेक्टरपैकी झाडाखाली आलं ते थोडं, बाकी गवतच राहिलं. त्या लावलेल्या जंगलाचा काही भाग २०२२ च्या ऑक्टोबरातल्या आगीत जळाला, आगीवर नजर ठेवायला बांधलेला मनोरासुद्धा. आता वाचलं तर अभ्यासक सांगतात की माळावरच्या ग्राउजला झाड नको असतं. झाड म्हणजे ससाण्याला, घुबडाला बसायला फांदी. सीडारचं झाड गवतात शिरलं की प्रेरी चिकन ती जागा सोडतात. बेसींचा हेतू वाईट नव्हता. रिकामी जमीन पाहिली की झाड लावावं असं भल्या माणसाला वाटतं. नान्नजच्या माळावरही वनखात्यानं एकेकाळी गिरिपुष्प, सुबाभूळ लावली, गवत रिकामं आहे म्हणून. आम्ही शाळेतून वृक्षदिंडी घेऊन गेलो होतो. मी स्वतः दोन रोपं लावली आहेत. आई तेव्हा म्हणाली होती, "तिथं गवत होतं की रे." मला वाटलं हिला कळत नाही.

आबांनी एक माळढोक मारला; माळ त्यांनी मारला नाही. माळ नंतर गेला. उजनीचं पाणी आलं, बोअर आले, ऊस आला, वरून विजेच्या तारा आल्या. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते कागदावर इतकं मोठं, साडेआठ हजार चौरस किलोमीटर, की त्यात तालुकेच्या तालुके आले. लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात, आणि पक्ष्याचं नाव काढलं की माणसं चिडायला लागली. २०१२ मध्ये ते साधारण सव्वाबाराशेवर आणलं. आता नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. इकडे प्रेरी चिकनला काही कमी मारलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात पिंपं भरभरून रेल्वेनं शहरांतल्या बाजारात जायचे. पूर्व किनाऱ्यावरचा त्यांचा भाऊबंद हीथ हेन, त्यातला शेवटचा १९३२ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर दिसला, त्यानंतर नाही. सँडहिल्समध्ये राहिले, कारण ती वाळू नांगराला टिकली नाही. १९०४ च्या किनकेड कायद्यानं इथे ६४० एकरांचे तुकडे फुकट वाटले, लोकांनी नांगरून पाहिलं, माती उडून गेली, ते परत गेले. गुरं राहिली, गवत राहिलं, गवतातले पक्षी राहिले. आणि इथे प्रत्येक शॉटगनवर आणि काडतुसाच्या प्रत्येक डब्यावर अकरा टक्के कर लागतो, तो १९३७ च्या कायद्यानं राज्यांना मुख्यतः वन्यजीवांसाठी मिळतो. माझ्या काडतुसांच्या डब्यावरही लागला. मी त्यावरून शिकार पुण्याची ठरते असं म्हणत नाही. इतकंच दिसतं की या गवताला इथे कुणीतरी गिऱ्हाईक आहे, आणि आमच्या माळाला नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मी बंदूक न घेता जागा पाहून आलो. ग्रँड आयलंडहून दोन नंबरचा रस्ता धरला. ब्रोकन बो मागे पडलं की मका संपत जातो आणि अॅन्सेल्मोच्या पुढे एका वळणावर टेकड्या सुरू होतात, एकदम, लाटा थिजल्यासारख्या. शेजारच्या रुळांवर वायोमिंगचा कोळसा वाहणाऱ्या गाड्या, डबे मोजता मोजता कंटाळा यावा इतक्या लांब. चार तासांनी हॅल्सी. नकाशावर खूण केलेल्या दरवाज्याशी मी गाडी लावली, पाठीवर चार लिटर पाणी घेतलं, तार ओलांडली आणि चालायला लागलो. नकाशात ती टेकडी बोटाच्या पेराएवढी होती. प्रत्यक्षात वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो, एक पाऊल वर, अर्धं खाली. पंधरा मिनिटांत बुटांच्या नाड्यांत सँडबर अडकले. वाकून काढताना बोटाला टोचले आणि तोंडून आपोआप निघालं, सराटे. आपल्या सराट्याचं नि यांचं नातं काही नाही, पण टोचणं तेच. गुडघ्याएवढं गवत, बुडाशी निळसर, शेंड्याला तांबूस. मधेच युक्काचे भाले. टोळ प्रत्येक पावलाला चार-चार उडत होते, पंखांचा कर्र आवाज करत. ऊन सोलापुरी. आणि वास, वाळत चाललेल्या गवताचा, जरासा गोड, धुळीचा. डोळे मिटले असते तर मी नाक्यावरून घरी चालत जाऊ शकलो असतो.

तिसऱ्या टेकडीच्या वाऱ्याआडच्या अंगाला रानगुलाबाची झुडपं होती, मांडीएवढी. फुलं कधीच झडलेली, फळं धरलेली, बोराहून लहान, एका अंगानं लाल, एका अंगानं अजून हिरवी. मी एक तोडून दातानं फोडलं. वरची साल पातळ, आंबट, आत केसाळ बिया. खाली वाळूत विष्ठेचे वाळके तुकडे, शेंगदाण्याच्या सालीसारखे, आणि एक पीस, पांढऱ्या ठिपक्यांचं. मी ते उचलायला वाकलो आणि सात-आठ पावलांवरून पहिला उठला. कुक्-कुक्-कुक् करत. छातीत धडकी भरली, आजोबा म्हणाले होते तशीच. मागोमाग दोन. मी उभा राहिलो, श्वास घेतला, तेव्हा चौथा. आणि तो उतारावरून वळत असताना माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात वर गेला आहे, पुढे ताणलेला, उजवा खांद्याशी, गाल टेकलेला, आणि हातात काही नाही. मी त्याच्या पुढे, उडण्याच्या रेषेवर नेम धरला होता. हे शरीरानं केलं. मला आनंद झाला आणि भीती वाटली, दोन्ही एकदम, आणि कुठलं किती ते मला अजून वेगळं करता येत नाही. पक्षी दोनदा पंख मारून तरंगत पुढच्या टेकडीपलीकडे गेला. मी खाली बसून पाणी प्यायलो. अर्धा तास तिथेच होतो.

हंगाम १ सप्टेंबरला उघडतो. पहिल्या दिवशी गर्दी असते म्हणून मी दुसऱ्या आठवड्यातला बुधवार धरला आहे, सुट्टी टाकून. बायकोसाठी एक कागद लिहून फ्रिजवर लावला: गाडी कुठे असेल, कुठल्या दिशेनं चालणार, दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. टेकड्यांत फोन लागत नाही, आणि उन्हात तिथे साप असतात, रॅटलस्नेक. कुत्रा माझ्याकडे नाही, तेव्हा पक्षी पडला तर नजर न हलवता सरळ त्या जागेकडे चालत जायचं, मधे दुसरा उठला तरी त्याच्याकडे बघायचं नाही. पडलेला सापडल्याशिवाय दुसऱ्यावर चाप ओढायचा नाही. ऊन असेल तर तिथल्या तिथे पोट साफ करून बर्फात ठेवायचा. पंख जपून ठेवायचे, खात्यानं त्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात. पिसांवरून तो यंदाचा की जुना हे त्यांना कळतं, आणि पिल्लं किती जगली याचा अंदाज येतो.

परवा रविवारी सकाळी सामान काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं. सुरी, दोरी, होकायंत्र, बँडेज, नारिंगी बंडी, मिठाच्या गोळ्या. आणि एक स्टीलची वाटी. गळ्याची पिशवी तिच्यात रिकामी करायची, वाळूत नाही. मी अमेरिकेला निघालो तेव्हा आईनं सहा वाट्या दिल्या होत्या, तिच्या रुखवतातल्या, बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी तिचं माहेरचं नाव कोरलेलं. त्यातलीच ही एक. तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ, नुकताच हरिपाठ संपलेला, गळ्यात माळ, मागे देवापाशी समई. तिला मी एप्रिलचा नाच दाखवला होता, बाकीचं हळूहळू सांगत आलो होतो. तिनं टेबल पाहिलं.

"कोण नेतंय तुला?"

"कुणी नाही. एकटाच चाललोय."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि ती वाटी कशाला?" मी सांगितलं. आजोबांचा प्रश्न, गेल्या वर्षी फेकलेली पिशवी, कचऱ्याची गाडी, सगळं. रानगुलाबाची फळं सांगितली, टोळ सांगितले. ती ऐकत होती. माळेचे मणी बोटांत फिरत होते.

"मग ती वाटी परत स्वयंपाकघरात आणू नकोस," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. तिकडे कुणीतरी दार वाजवलं, तिनं मान वळवली, उठायला लागली, फोन हातात तसाच, पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. आणि छतातूनच तिचा आवाज आला.

"काय निघालं ते मला सांग पण."